घरचा मीडिया सर्व्हर: मशीन घेण्याआधी टीव्हीला विचारा

गरज अगदी साधी होती. जुन्या कॅमेऱ्याच्या टेप्सवरून उतरवून घेतलेले घरगुती व्हिडिओ एका हार्डडिस्कवर, विकत घेतलेल्या डीव्हीडी-ब्ल्यूरेवरून काढून ठेवलेले पिक्चर दुसरीकडे, गाणी तिसरीकडे, फोटो तर ज्याच्या त्याच्या फोनमध्ये, आणि कुणाला काही लावायचं असलं की हाक मलाच. हे सगळं एका पेटीत टाकायचं, ती पेटी चोवीस तास चालू ठेवायची आणि टीव्ही, फोन, टॅबलेट जे हाताशी असेल त्यावर लावायचं, एवढंच. बजेट मात्र ठरवूनच कमी ठेवलं होतं, कारण या छंदात एकदा का "अजून थोडे घातले की वरचं मॉडेल येतं" सुरू झालं की त्याला अंत नाही.

सॉफ्टवेअरवर मी फार वेळ घालवला नाही. जेलीफिन घ्यायचं ठरलं. २०१८ च्या शेवटी एम्बी या मीडिया सर्व्हरच्या सॉफ्टवेअरने आपला सोर्स कोड बंद केला तेव्हा काही लोकांनी आधीचा खुला कोड घेऊन वेगळी चूल मांडली, तेच हे. पूर्ण फुकट आहे, आणि स्वस्तातलं मशीन शोधणाऱ्यासाठी महत्त्वाचं म्हणजे हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसुद्धा (व्हिडिओचा फॉरमॅट चालू असतानाच खास यंत्रणेवर बदलणं, पुढे सांगतेच) फुकटात आहे, प्लेक्स या दुसऱ्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये ते फक्त प्लेक्स पास घेतलेल्यांना मिळतं. प्लेक्स वाईट आहे असं नाही, त्यांची अ‍ॅप्स जास्त टीव्हींवर मिळतात आणि दिसायलाही छान आहेत, पण मला मशीनचे पैसे वाचवून ते पासवर घालायचे नव्हते.

खरा घोळ हार्डवेअरचा. मी सर्व्हर घेणार म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. दादा म्हणाला, "अगं रास्पबेरी पाय घे, एका बोर्डवरचा कॉम्प्युटर, छोटासा असतो, लाईटही खात नाही." ऑफिसमधला एकजण गेमिंगवाला, त्याच्या मते ग्राफिक कार्डाशिवाय काही खरं नाही. तिसऱ्याचं म्हणणं की तयार नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा, घ्यायचा आणि विषय संपवायचा. तिघंही आपापल्या जागी बरोबरच होते, फक्त प्रत्येकजण आपल्या घरातल्या फाईली आणि आपल्या घरातला टीव्ही डोळ्यासमोर ठेवून बोलत होता. म्हणून मी म्हटलं आधी सर्व्हर बाजूला ठेवू, आपल्या टीव्हीला काय काय झेपतं ते बघू.

हे का, ते जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते अख्खी खरेदी या एका गोष्टीवर ठरते. व्हिडिओची फाईल म्हणजे एकच वस्तू नसते. बाहेरचं आवरण असतं, एमकेव्ही किंवा एमपी४, आत व्हिडिओ वेगळा, आवाज वेगळा, सबटायटल वेगळे. टीव्हीला हे सगळं जसंच्या तसं चालत असेल तर सर्व्हरला फक्त फाईल उचलून द्यायची असते, याला डायरेक्ट प्ले म्हणतात, आणि हे काम कुठलंही जुनंपानं मशीन करतं. आवरण चालत नसेल तर सर्व्हर तेवढं बदलून देतो, त्यालाही फारशी ताकद लागत नाही. आवाज चालत नसेल, उदाहरणार्थ डीटीएस, जो बऱ्याच टीव्हींना कळतच नाही, तर फक्त आवाज बदलावा लागतो, तेही हलकंच काम. पण व्हिडिओच चालत नसेल तर सर्व्हरला चालू पिक्चरची प्रत्येक फ्रेम उलगडून, नव्या फॉरमॅटमध्ये परत बांधून, आणि तेही बघणाऱ्याच्या पुढे राहून द्यावी लागते. हे ट्रान्सकोडिंग, आणि जो काही खर्च वाढतो तो याच्यापायी.

मग मी काय केलं, काहीही विकत न घेता रोजच्या लॅपटॉपवर जेलीफिन टाकलं, प्रत्येक प्रकारची एकेक फाईल त्यात घातली आणि टीव्हीवर एकामागून एक लावत गेले. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर त्या क्षणी काय चाललंय ते दिसतं, डायरेक्ट प्ले आहे की ट्रान्सकोड, आणि ट्रान्सकोड असेल तर का, हेसुद्धा. साध्या १०८०पी एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची रुळलेली पद्धत) फाईली सरळ चालल्या. डीटीएस आवाजवाल्या फाईलीला आवाज बदलला गेला, लॅपटॉपला पत्ताही लागला नाही. मग ब्ल्यूरेवरून काढलेला एक पिक्चर लावला, तोही एच.२६४ च, आणि आईला वाचायला लागतात म्हणून सबटायटल चालू केले, तर लॅपटॉपचा पंखा असा काही सुरू झाला की आई आतल्या खोलीतून म्हणाली, "मिक्सर लावलास का गं?" सीपीयू शंभर टक्क्यांवर. सबटायटल बंद केले, पंखा शांत. परत चालू केले, परत तेच.

डॅशबोर्डवर कारण लिहिलेलं होतं. ब्ल्यूरेवरचे सबटायटल म्हणजे अक्षरं नसतात, चित्रं असतात, पीजीएस म्हणतात त्यांना. माझ्या टीव्हीवरच्या अ‍ॅपला ती चित्रं वेगळी दाखवता येत नव्हती, त्यामुळे सर्व्हर ती प्रत्येक फ्रेमवर छापून पाठवत होता, आणि छापायचं म्हणजे अख्खा व्हिडिओ परत बांधायचा. म्हणजे टीव्हीला व्हिडिओ चालतोय, आवाज चालतोय, आणि चार ओळींच्या सबटायटलसाठी सगळं यंत्र कामाला लागलंय. मशीन निवडताना लोक "फोर-के चालेल का" विचारतात, मला वाटतं आधी "सबटायटल कुठल्या प्रकारचे आहेत" विचारायला पाहिजे.

या चाचणीत अजून एक कळलं. माझ्याकडचा बहुतेक साठा एच.२६४, थोडा एचईव्हीसी (एच.२६४ नंतर आलेली पद्धत), त्यातला बराचसा १०-बिट (रंगांच्या जास्त छटा साठवणारा), आणि टेप्सवरून उतरवलेले व्हिडिओ डीव्ही फॉरमॅटमध्ये, जे तासाला साधारण १३ जीबी खातात आणि टीव्ही किंवा ब्राउझर काही त्यांना दाद देत नाहीत. या टेपवाल्यांसाठी सर्व्हरची ताकद वाढवण्यात अर्थ नव्हता. हँडब्रेक हे फॉरमॅट बदलायचं सॉफ्टवेअर लावून रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला आणि त्यांच्या एच.२६४ कॉप्या करून घेतल्या, मूळ फाईली वेगळ्या जपून ठेवल्या. एकदाच मेहनत, नंतर कायमचं डायरेक्ट प्ले.

म्हणजे माझी खरी गरज काय उरली, तर बहुतेक वेळ नुसती फाईल उचलून देणं, अधूनमधून सबटायटलपायी किंवा फोनवर नेट कमी असताना एखादा ट्रान्सकोड, आणि क्वचित कधीतरी फोर-के एचडीआर (उजेड आणि रंगांचा आवाका मोठा असलेली) फाईल साध्या पडद्यावर बघायची झाली तर तिचे रंग सांभाळून उतरवणं. एचडीआर साध्या पडद्यावर तशीच लावली तर रंग धुऊन निघाल्यासारखे फिके दिसतात, ते नीट बसवायला टोन मॅपिंग लागतं आणि ते नुसत्या सीपीयूवर सोडलं तर चांगले चांगले प्रोसेसर अडखळतात. ही यादी हातात आल्यावर मग पर्याय बघायला घेतले.

दादाच्या रास्पबेरी पायपासून सुरुवात केली. रास्पबेरी पाय ४ आला २०१९ मध्ये, त्यात एच.२६४ एन्कोड करायचं, म्हणजे व्हिडिओ परत बांधायचं, हार्डवेअर तरी होतं, १०८०पी पर्यंतच. २०२३ मध्ये पाय ५ आला, प्रोसेसर बराच तगडा, पण ते एन्कोडर हार्डवेअरच काढून टाकलेलं. म्हणजे मीडिया सर्व्हर म्हणून बघितलं तर या एका बाबतीत नवीन मॉडेल जुन्याच्या मागे. सगळं डायरेक्ट प्ले असलेल्या घरात पाय झकास चालेल, शंकाच नाही. पण बोर्ड, अ‍ॅडॉप्टर, केस, पंखा, मेमरी कार्डावर भरवसा नको म्हणून एसएसडी, असं करत करत बेरीज जिथे जाते तिथे वापरलेला मिनी पीसी मिळतो आणि तो ट्रान्सकोडही करतो. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग मला कशाला विचारलंस?" मी विचारलं नव्हतं.

घरात एक जुना डेस्कटॉप पडून होता, फुकटचा, म्हणून मोह झाला. पण लाईट मोजायचं छोटं मीटर मिळतं ते प्लगला लावून बघितलं तर नुसता चालू असताना, काही न करता, आकडा साठ वॅटच्या आसपास. आता हा हिशेब प्रत्येकाने एकदा करून बघावा: एक वॅट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. साठ वॅट म्हणजे ५२५ युनिटच्या वर. दहा वॅटचं मशीन असेल तर ८८ च्या आत. फरकाच्या युनिटांना आपल्या बिलातल्या दराने गुणा, आणि मग ठरवा फुकटचा डेस्कटॉप किती फुकट आहे ते. माझ्या हिशेबात दोन-अडीच वर्षांत नवीन मशीनची किंमत निघत होती, म्हणून डेस्कटॉप बाद.

त्याआधी गेमिंगवाल्या मित्राने त्याच डेस्कटॉपसाठी आपलं जुनं जीटी १०३० कार्ड देऊ केलं होतं, "घेऊन जा, पडूनच आहे." मन चांगलं आहे त्याचं. पण एनव्हिडियाच्या कार्डांचा तक्ता असतो, कुठल्या कार्डात कुठला डिकोडर-एन्कोडर आहे याचा, त्यात बघितलं तर १०३० मध्ये डिकोडर, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा, आहे पण एनव्हीएन्क, म्हणजे एन्कोडर, नाहीच. म्हणजे ट्रान्सकोडचं अर्धं काम कार्ड करणार आणि जड असलेलं उरलेलं अर्धं परत सीपीयूच्या गळ्यात. कुणी जुनं कार्ड देऊ केलं, अगदी फुकट जरी, तरी तो तक्ता आधी बघा.

जुना लॅपटॉप हा पर्याय मला अजूनही आवडतो. लाईट कमी खातो, पडदा-कीबोर्ड सोबतच, आणि लाईट गेली तर बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. झाकण मिटलं की झोपू नये अशी सेटिंग करावी लागते, बस. अडचण दोन ठिकाणी: कायम चार्जिंगला लावून ठेवलेल्या जुन्या बॅटऱ्या फुगतात, त्यामुळे ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय नसेल तर नको, आणि आमच्याकडचा होता इंटेलच्या दुसऱ्या पिढीचा, ज्याचं हार्डवेअर फक्त एच.२६४ च्या जमान्यातलं. तयार नॅसचंही थोडक्यात सांगते. बॅकअप आणि फोटोसाठी उत्तम, पण रिकाम्या डब्याचीच किंमत इतकी की डिस्कला पैसे उरत नाहीत, आणि नवीन मॉडेल म्हणजे चांगलं हे इथेही खरं नाही. सिनॉलॉजीच्या डीएस९२०प्लसमध्ये इंटेलचा ग्राफिक्सवाला सेलेरॉन होता, त्याच्यानंतर आलेल्या डीएस९२३प्लसमध्ये एएमडीचा असा प्रोसेसर आहे ज्यात ग्राफिक्सच नाही. मीडियासाठी जुनाच बरा.

आता इंटेलच्या पिढ्यांबद्दल, कारण वापरलेलं मशीन घ्यायचं तर हे पाठच पाहिजे. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची व्हिडिओची वेगळी यंत्रणा असते, २०११ मध्ये दुसऱ्या पिढीपासून सुरू झाली. जेलीफिन तीच वापरतं. सीपीयू किती कोअरचा, किती गिगाहर्ट्झचा, याला ट्रान्सकोडमध्ये फार किंमत राहत नाही, ही यंत्रणा कुठल्या पिढीची ते महत्त्वाचं. सहाव्या पिढीत एचईव्हीसी आलं पण ८-बिट. सातव्या पिढीत १०-बिट आलं, आणि एचडीआरच्या फाईली सगळ्या १०-बिटवाल्याच असतात. आठव्या-नवव्या पिढीत व्हिडिओची यंत्रणा जवळपास तीच, कोअर वाढले. एव्ही१ या एचईव्हीसीहून नव्या पद्धतीच्या फाईली उलगडायची सोय अकराव्या पिढीपासून.

यामुळे गमती होतात. चौथ्या पिढीचा आय७-४७७० (या चार आकडी नंबरांत पहिला आकडा म्हणजे पिढी) नावाला केवढा मोठा, पण एचईव्हीसी म्हटलं की सगळा भार कोअरवर, आणि सातव्या पिढीचा साधा आय३-७१००टी तेच काम शांतपणे ग्राफिक्सकडे सरकवतो. आय५-६५००टी आणि आय५-७५००टी कागदावर भावंडं दिसतात, विकणाराही "एकच आहे हो" म्हणतो, पण १०-बिट एचईव्हीसीसाठी दुसराच घ्यायचा. नावाच्या शेवटी टी असेल तर ३५ वॅटचा, थंड चालणारा. एफ असेल तर हात जोडा आणि पुढे चला, त्यात ग्राफिक्सच नसतं.

नवीनच घ्यायचं असेल तर एन१०० वाला मिनी पीसी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जानेवारी २०२३ मध्ये आला, चार छोटे कोअर, ६ वॅटचा म्हणून विकला जातो, आणि क्विक सिंक इतकं नवीन की एव्ही१ सुद्धा उलगडतं. माझी यादी त्याने सहज पूर्ण केली असती. पण एक तर तो माझ्या बजेटच्या थोडा वर जात होता, आणि दुसरं म्हणजे या डब्यांमध्ये अ‍ॅडॉप्टर कुठला येईल, बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) अपडेट मिळेल की नाही, याचा नेम नसतो. मला पाच-सात वर्षं विसरून जाता येईल असं मशीन हवं होतं.

ते सापडलं ऑफिसांमधून निघालेल्या मिनी पीसींमध्ये. लेनोवो थिंकसेंटर टायनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी, तिघंही साधारण एक लिटर आकाराचे, जाड वहीएवढे. आणि यात एक मजेशीर खाच आहे. विंडोज ११ ला इंटेलचे सातव्या पिढीचे जवळपास सगळे प्रोसेसर चालत नाहीत, आठव्यापासून पुढचे चालतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे ऑफिसांच्या दृष्टीने सातवी पिढी भंगारात आणि आठवी अजून कामाची, त्यामुळे भावात फरक, आणि लिनक्सवर चालणाऱ्या मीडिया सर्व्हरला त्या फरकाचं काहीएक देणंघेणं नाही. व्हिडिओची यंत्रणा दोन्हीकडे जवळपास तीच! त्याच मशीनवर अजून दहा गोष्टी चालवायच्या असतील तर आठव्या पिढीचे सहा कोअर घ्या, नुसत्या मीडियासाठी त्यांचे जास्तीचे पैसे का द्यायचे हे मला कळलं नाही. मी आय५-७५००टी शोधायला लागले.

बघायला जाताना लिनक्स भरलेला पेन ड्राईव्ह सोबत ठेवला होता. विकणाऱ्याने मशीन सुरू करून विंडोजचा पडदा दाखवला आणि हात झटकले.

"मॅडम, चालू आहे ना, अजून काय बघायचं?"

"चालू दिसतंय हो, पण जरा बायोसमध्ये जाऊ द्या."

बायोसला पासवर्ड. "तो काय, निघून जातो," म्हणाला. जातो, पण कधी कधी मदरबोर्डवरचा जंपर काढून आणि कधी कधी जातच नाही, कारण ऑफिसवाल्या मशीनमध्ये तो मुद्दाम न जाण्यासाठीच केलेला असतो. ते मशीन तिथेच ठेवलं आणि त्याच्याकडचंच दुसरं घेतलं, त्याचा बायोस उघडा होता. मग पेन ड्राईव्हवरून लिनक्स सुरू केलं, प्रोसेसरचं नाव डोळ्यांनी बघितलं, नेटवर्कची केबल लावून १००० मेगाबिटचा वेग मिळतो का ते बघितलं, आणि पाचेक मिनिटं सीपीयूवर भार टाकून पंख्याचा आवाज ऐकला. खरडल्यासारखा नव्हता.

अजून दोन बारीक गोष्टी. या मिनी पीसींचे अ‍ॅडॉप्टर बाहेरचे असतात, आणि काही कंपन्यांच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक तार असते जी मशीनला अ‍ॅडॉप्टर ओरिजिनल आहे का ते सांगते. दुसरा कुठला लावला तर मशीन सुरू होतं, पण वेग मुद्दाम पाडून चालतं, आणि बिचारा माणूस प्रोसेसरला शिव्या देत बसतो. म्हणून अ‍ॅडॉप्टर मशीनच्याच कंपनीचा आणि त्याच वॅटचा बघून घ्या. दुसरं म्हणजे अडीच इंची डिस्क बसवायचा पत्र्याचा साचा, हा बहुतेक वेळा आधीच्या मालकाकडेच राहिलेला असतो, आणि वेगळा शोधायला गेलं तर नसता ताप. आत उघडून बघा, असेल तर घ्या. बायोसमध्ये लाईट परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं अशी सेटिंग असते, ती चालू करून टाका, नाहीतर लाईट गेली-आली की कुणीतरी जाऊन बटण दाबायचं, आणि ते कुणीतरी कोण हे सगळ्या घरांत ठरलेलं असतं.

रॅमला उगाच मोठं करून ठेवलंय लोकांनी. ८ जीबी होती, ती पुरून उरते. सिस्टिमसाठी आत छोटी एसएसडी होती, तिच्यावरच जेलीफिनचा डेटाबेस आणि पोस्टरची चित्रं ठेवली, त्यामुळे अ‍ॅप उघडल्यावर यादी पटकन येते.

सगळ्यात जास्त पैसे लागले डिस्कला, आणि लागायलाच पाहिजेत, सर्व्हर म्हणजे शेवटी डिस्कच. आधी वाटलं मशीनच्या आतच मोठी अडीच इंची डिस्क बसवू. पण २ टीबीच्या वरच्या अडीच इंची हार्डडिस्क १५ मिलिमीटर जाड असतात आणि या डब्यांमध्ये ७ मिलिमीटरची जागा, फार तर ९.५ ची. बसतच नाही. मोठ्या एसएसडीची किंमत बघून तो टॅब बंद केला. म्हणून साडेतीन इंची डिस्क आणि तिला यूएसबीचं बाहेरचं घर, म्हणजे एन्क्लोजर. या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, जे यूएसबीतून येत नाहीत, त्यामुळे घर स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवालंच घ्यावं लागतं. आणि घर घेताना त्यातली चिप डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आत पोचू देते का ते विचारून घ्या, नाहीतर डिस्क आजारी पडली तरी सर्व्हरला कळणार नाही.

डिस्क वेगवान पाहिजे का? अजिबात नाही. फोर-के ब्ल्यूरेचा सगळ्यात जास्त बिटरेट (सेकंदाला लागणारी माहिती) १२८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १६ एमबी. गिगाबिट नेटवर्कवरून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात. आजची कुठलीही ५४०० आरपीएमची डिस्क त्या १६ एमबीच्या खूप पुढे असते. हळू फिरणारी डिस्क कमी तापते, कमी आवाज करते, स्वस्तही मिळते.

मग येतो एसएमआर-सीएमआरचा वाद. एसएमआर डिस्कमध्ये माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं पण मधलं काही बदलायचं तर शेजारचंही परत लिहावं लागतं, आणि सलग भरपूर लिहिलं की वेग कोसळतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर आहेत हे बाहेर आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला होता, त्यानंतर सीएमआरवाल्या, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या, डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या निघाल्या. रेड (आरएआयडी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं, वरची रेड मालिका नव्हे) किंवा झेडएफएस (तसंच काम करणारी फाईल सिस्टिम) करणाऱ्याने एसएमआरला हात लावू नये हे खरंच. पण माझ्यासारखी एकच डिस्क, त्यावर पिक्चर एकदा लिहायचा आणि शंभरदा वाचायचा, तिथे एसएमआरने काय बिघडतं? पहिल्यांदा सगळा साठा भरताना वेळ लागतो, तेवढंच. सीएमआर थोड्या फरकात मिळाली म्हणून मी ती घेतली, नसती मिळाली तर अडून बसले नसते.

वापरलेली डिस्क मात्र घेतली नाही. मशीन जुनं चालेल, डिस्क नको. कुणी घेणार असेलच तर स्मार्टमधले ५, १९७ आणि १९८ नंबरचे आकडे बघा, खराब झालेल्या आणि होऊ घातलेल्या सेक्टरचे असतात, शून्य नसतील तर परत द्या. ९ नंबरवर किती तास चालली ते असतं, वर्षाचे ८७६० तास हे लक्षात ठेवून भागाकार करायचा. नव्या डिस्कलाही मी आधी स्मार्टची लांबलचक टेस्ट लावली, ४ टीबीला रात्रभर लागते, आणि मगच फाईली टाकल्या. ४ टीबी पुरेल का, तर दोन तासांचा १०८०पी ब्ल्यूरे जसाच्या तसा काढला, सरासरी ३० मेगाबिट धरला, तर २७ जीबी होतो, असे एकशेचाळीसच्या वर बसतात. नेहमीच्या ८ मेगाबिटवाल्या फाईली तर सात-सव्वासात जीबीच्याच.

दोन डिस्क घेऊन रेड करायचा सल्ला मिळाला, तो मी ऐकला नाही. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून फाईल उडवली तर ती दोन्ही डिस्कवरून एकदम उडते. पिक्चर गेले तर मूळ डिस्क कपाटात आहेत, परत काढता येतील, कंटाळा येईल इतकंच. टेप्सवरचे व्हिडिओ आणि फोटो गेले तर कायमचे गेले. म्हणून फक्त त्या दोघांसाठी एक छोटी पोर्टेबल डिस्क ठेवली, महिन्यातून एकदा लावायची, कॉपी करायची, काढून ठेवायची. सगळ्याचा बॅकअप घ्यायचा हट्ट सोडला की डिस्कचं बजेट निम्म्यावर येतं.

सगळं जोडून डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, त्यावर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) जेलीफिन, ग्राफिक्सचं डिव्हाइस कंटेनरला दिलं, आणि तोच आईवाला ब्ल्यूरे सबटायटलसकट लावला. सीपीयू पंधरा टक्क्यांच्या आत, व्हिडिओची यंत्रणा काम करतेय ते वेगळं दिसत होतं. फोर-के एचडीआरचा एक ट्रान्सकोड टोन मॅपिंगसकट आरामात निघाला, एका वेळी अनेक काढायचा मी प्रयत्नच केला नाही, घरात तेवढी माणसं एकदम पिक्चर बघत नाहीत. मीटरवर डिस्क झोपलेली असताना दहाच्या आसपास, डिस्क फिरत असताना अजून चार-पाच वॅट.

नेटवर्कमध्ये एक वेगळीच गोष्ट आढळली. मोठी फोर-के फाईल टीव्हीवर अडकत होती, डायरेक्ट प्ले असूनसुद्धा, आणि सर्व्हर निवांत बसलेला. टीव्हीला मुद्दाम केबल लावली होती, वायफायपेक्षा केबल बरी म्हणून. पण बऱ्याच टीव्हींच्या, अगदी फोर-केवाल्यांच्यासुद्धा, केबलच्या पोर्टचा वेग १०० मेगाबिटच असतो. केबल काढली, ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाकलं, अडकणं बंद! सर्व्हर मात्र राऊटरला केबलनेच जोडा, आणि ती केबल कॅट ५ई किंवा वरची, आठही तारा असलेली, कारण चार तारांच्या जुन्या केबलवर तोही १०० वरच येतो.

आतल्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला एचईव्हीसी अजिबात कळत नाही. त्याच्यासाठी सर्व्हर मोठा करण्यापेक्षा एचईव्हीसी चालणारी एक स्ट्रीमिंग स्टिक मागे लावली, ती डिस्कच्या घरापेक्षाही स्वस्त पडली आणि त्या टीव्हीचे ट्रान्सकोड जवळपास संपले.

सध्या सबटायटलचं काम हळूहळू चाललंय. चित्रवाले सबटायटल ओसीआर करून (चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरने ओळखून) साध्या अक्षरांच्या एसआरटी फाईलीत आणतेय, म्हणजे सर्व्हरला छापत बसायला नको. इंग्रजीचे पटापट होतात, टेसरॅक्ट या ओसीआरच्या सॉफ्टवेअरला मराठीही वाचता येतं पण जोडाक्षरांवर नजर ठेवावी लागते, "स्त्री" चं काय काय होतं ते विचारू नका. आणि मराठी एसआरटी यूटीएफ-८ (युनिकोड) मध्येच ठेवा, जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतील तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाईल बरोबर असूनही अक्षरांच्या जागी चौकोन दिसले आणि सबटायटल सर्व्हरवरून छापले जात असतील, तर सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नाहीये. नोटो सान्स देवनागरी टाका, आणि जेलीफिन डॉकरमध्ये असेल तर तो कंटेनरच्या आत पोचला पाहिजे.